अकरा महिन्यांचा कढीपत्ता

कळव्याच्या इद्रिस मास्तरांनी
दोन जुन्या जीन्सच्या तीन कुंड्या शिवल्या,
बुडाला दुहेरी टीप, उचलायला दोन कान.
"हा खिसा कशाला ठेवायला लावलात, ताई?"
लेबल ठेवायला, म्हटलं.
खरं तर उसवायचं जिवावर आलं होतं.

एकीत कढीपत्ता, एकीत मिरची,
तिसरीत रेवानं पेरलेलं काहीतरी
जे अजून नाव सांगायला तयार नाही.

खारेगावची गॅलरी पश्चिमेची.
कापडी कुंडी सकाळी न्हायची, दुपारी ठणठणीत कोरडी.
खालच्या चौबळ बाई,
पापडांवर मातकट थेंब पडले म्हणून जिना चढून आल्या,
आणि जाताना चार पानं तोडून घेऊन गेल्या.
मग दर गुरुवारी येत राहिल्या, भांडायला.

करार अकरा महिन्यांचा.
बारावा महिना आम्हाला कुठल्याच घरात भेटलेला नाही.

निघताना मढवी काकांनी डिपॉझिटमधून तीन हजार कापले.
लादीवर तीन ओले गोल, घासून न निघणारे.
हिशेबात त्यांनी लिहिलं : डाग.
मी सही केली.
तिथे राहिल्याचा आमचा तेवढाच पुरावा.

टेंपोत कपाट आडवं, फ्रिज उभा,
विटाव्याच्या पुलाखाली तुंबलेलं पाणी,
आणि माझ्या मांडीवर कढीपत्ता
दोन्ही कान धरून बसवलेला.

घणसोलीत माती बदलताना
पहिल्यांदा त्याची मुळं पाहिली.
प्लास्टिकच्या कुंडीत मूळ भिंतीला धडकतं
आणि गोल गोल फिरत राहतं
स्वतःच्याच गळ्याभोवती.
हे तसं नव्हतं.
कापडापर्यंत आलं, बाहेरची हवा लागली,
टोक तिथेच सुकलं,
आणि मागून फुटले बारीक धागे,
इतके, की बोटांना आधी
मास्तरांची शिवणच वाटली.

"आई, हे टोक मेलंय?"
नाही गं.
"मग थांबलंय?"
कुकरची तिसरी शिट्टी झाली, मी उठले.

आता बूड विरत आलंय.
फार तर एक पावसाळा निघेल.
मास्तरांना फोन लावला, या वेळी मोठी शिवा म्हटलं.
"केवढी?"
मी दोन्ही हात पसरले,
फोन खांद्याने कानाशी दाबून.
मग हात खाली घेतले.
मांडीवर मावेल एवढीच, म्हटलं.
आणि खिसा राहू द्या.