चाळीस ग्रॅम

शुक्रवारी संध्याकाळी टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या
त्या नव्या गारेगार दुकानात
मी जर्कीची पाकिटं उलटीपालटी करत उभा.
रविवारी कणकुंबीला जायचंय, ऑफिसातले सात जण.
नागनगौडांनी बजावलंय :
पाठीला हलकं, पोटाला जड, असं काहीतरी आणा.

चिकन, मटण.
काळी मिरी, पेरी-पेरी, धुराचा वास लावलेली.
चाळीस ग्रॅम, दोनशे ऐंशी रुपये.
मी मोबाइल काढला, किलोचा भाव काढला,
आणि मोबाइल परत खिशात घातला.

मागे मुंगीएवढ्या अक्षरांत मीठ, साखर, सोया,
कसल्या तरी आम्लाचा नंबर.
सगळं इंग्रजीत, थोडं हिंदीत.
ज्या गावात पाटीच्या अक्षरांवरून दगड उडाले
तिथं हे पाकीट दोघांशीही अबोला धरून बसलेलं.
काउंटरवरची पोरगी म्हणाली, एष्टु बेकु, सर?
मी म्हणालो, एरडु.
मग म्हणालो, मूरु.

निपाणीत आमच्या पत्र्यावर हे फुकट वाळायचं.
फुकट म्हणजे,
आई आठवडाभर तंबाखूच्या वखारीत खोकायची
आणि शनिवारी अंधार पडल्यावर
मामा पिशवी घेऊन मागच्या दारानं यायचा.
बोटाएवढ्या पट्ट्या. मीठ, हळद. बास.
सायकलच्या ब्रेकची तार
या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत,
आणि खाली मी, हातात निरगुडीचा फोक,
कावळ्यांशी दिवसभराचं भांडण.
चौथ्या दिवशी चान्या वाजायच्या
वाळल्या शेंगांसारख्या.
मग डबा, डब्यावर फडकं, फडक्यावर पाटा.

सातवीत गोकाकच्या धबधब्याला सहल गेली.
आईनं निखाऱ्यावर भाजून, कुटून,
लसणाच्या चटणीत घोळून दिल्या, दोन भाकरींच्या मध्ये.
बसमध्ये वास सुटला.
कुणाचं रे ते? मागून कुणीतरी विचारलं.
सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं, मीही बघितलं.
डबा घटप्रभेत रिकामा केला.
आईला सांगितलं, पोरांनी फस्त केलं.
तिनं पुढच्या सहलीला दुप्पट दिलं.

रविवारी, मलप्रभेच्या उगमापासून तासभर आत,
बुटांतून जळवा काढत सगळे दगडावर बसले.
मी पाकीट फाडलं.
जर्की! वैदेही ओरडली, टेक्सासमध्ये असताना
आम्ही गाडीत हेच ठेवायचो.
हातोहात फिरलं पाकीट.
कुणी विचारलं नाही, कुणाचं रे ते.
नागनगौडांनी मात्र बदाम काढले
आणि तोंड जरा पलीकडं वळवून खाल्ले,
पण हसत, माणूस भला आहे.

मी एक तुकडा दाढेखाली धरला.
गोड. गुळासारखा नव्हे, औषधासारखा गोड.
दाताला चिवट, जिभेला परका,
आणि अगदी शेवटी, गिळता गिळता,
कुठंतरी खूप आत पत्रा तापल्याचा वास.
भासही असेल.
सात हजार रुपये किलो म्हटल्यावर
माणूस काहीही शोधतो.

गाडीचा ड्रायव्हर यमनाप्पा जरा लांब बसला होता.
त्याला दोन पट्ट्या दिल्या.
त्यानं वास घेतला, उन्हाकडं धरून बघितली,
मग माझ्याकडं बघितलं, जरा जास्तच वेळ.
सर, हे काय खाऊलासा तुम्ही?
खंडाच की हे. आमच्या अव्वाचं.
साखर कुणी घातली ह्यात?

मला हेच विचारायचं होतं,
शुक्रवारपासून.
खरं सांगायचं तर सातवीपासून.
चान्या म्हणतो आम्ही, मी म्हणालो,
जरा मोठ्यानं,
आणि वैदेहीनं विचारलं, काय? कसलं चान्या?
तेव्हा तिलाही सांगितलं. सगळं नाही.
घटप्रभेचं राहिलं.

तळाशी एक पांढरी पुडी निघाली,
ओल धरू नये म्हणून घातलेली.
यमनाप्पा म्हणाला, आणि ही?
ही खायची नाही, मी म्हटलं,
ही राखणीला.
आमच्याकडं ते काम माझ्याकडं होतं.