हरकती व सूचना

विमान महिन्यातून एकदा, तेही वाऱ्याची मर्जी असेल तर.
मी टोंगारेवाला उतरले तेव्हा पिशवीत
मसुद्याच्या चाळीस प्रती, शिक्का, शाईचं पॅड,
आणि मोज्यात गुंडाळलेला
समुद्राच्या तळाचा एक तुकडा.

सभा प्रार्थनाघराच्या पडवीत.
बायका टोप्या विणत बसलेल्या.
नारळाच्या कोवळ्या पात्याचा धागा, केसासारखा बारीक.
ऐकताना त्यांचे हात थांबत नाहीत.
थांबलेच, तर समजावं
आपण काहीतरी बोलून बसलो.

मी वाचलं : कलम सतरा, पोटकलम तीन.
परवानाधारकाने गाळाचा लोट
निश्चित केलेल्या हद्दीबाहेर जाऊ देता कामा नये.
भाषांतर माझंच. 'लोट'ला नेमका शब्द सापडेना
म्हणून मी 'धूर' लिहिलं होतं. पाण्यातला धूर.
मागे एक मुलगा फिसकन हसला.

मग मोजा उघडला.
काळा, खरबरीत, जळक्या अळकुडीसारखा.
कोबाल्ट आहे यात, म्हटलं, निकेल, मँगेनीज.
दहा लाख वर्षांत वाढतो तो नखाच्या जाडीएवढा.
हातोहात फिरला. मामा नूओनं हुंगून पाहिला.
"आत काय?"
कधीकधी शार्कचा दात असतो. त्याच्याभोवती साचत जातो.
"म्हणजे तोंडातलंच काढणार."

तेहीनू उठली. दवाखान्यात एकटीच परिचारिका,
फ्रिज जनरेटरवर, डिझेलचं जहाज सात आठवडे बेपत्ता.
"माझा भाऊ ऑकलंडला विमानतळाच्या फरशा पुसतो.
या दगडांनी तो परत येणार असेल
तर घेऊन जा दगड."
कुणी तिला खाली बस म्हणालं नाही.

पापा साइतू खांबाला टेकून होता.
राउई बांधायचा मान त्याच्या घराण्याचा :
आतल्या पाण्यात शिंपले रोडावले
की तो दोन काठ्या रोवतो, मध्ये झावळी बांधतो.
दंड नाही, पहारा नाही.
तो झावळी सोडेपर्यंत
त्या पाण्यात कुणी हात घालत नाही.
त्याच्या मेहुण्यानं एकदा घातला होता.
दोन वर्षं कुठल्याही पंगतीत
त्याच्या पानावर मासा पडला नाही.

"किती खोल म्हणालीस?"
पाच हजार मीटर.
"तिथं झावळी बांधायची
तर काठी केवढी लागेल?"

सगळे हसले. मीही.
तो नाही.
"आणि कुणी हात घातला, हे कोण बघेल?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पान अकरावर.
प्रत्येक जहाजावर एक स्वतंत्र निरीक्षक असेल,
त्याला कुठेही जाता येईल, काहीही उघडून पाहता येईल,
आणि त्याचा पगार
इथे मी थांबले.
पगार कंपनीच्या फीमधून. ते वाक्यही मीच लिहिलेलं,
त्या वेळी त्यात काही खटकलं नव्हतं.
पाणी कुठे मुरतंय
हे म्हाताऱ्याला माझ्या थांबण्यावरूनच कळलं असावं.
टोप्या विणणारे हात थांबले होते.

फॉर्मवर तीन रकाने : पाठिंबा, हरकत, सूचना.
पापा साइतूनं शाळेतल्या वळणदार अक्षरात नाव लिहिलं
आणि विचारलं, माझं कुठल्या रकान्यात?
मी सांगू शकले नाही.

विमान चार दिवस उशिरा आलं.
त्या चार दिवसांत मला जेवायला पाच घरं होती,
आणि मसुद्याबद्दल एकाही घरात अवाक्षर नाही.
निघताना मामा नूओनं दगड परत दिला.
मोज्यात नाही,
टोपीच्या उरलेल्या धाग्यांच्या लहानशा जाळीत,
वरून गाठ मारलेली.

ऑफिसात साहेबांनी आकडे मागितले.
पाठिंबा एकोणीस. हरकती अकरा. सूचना एक.
"काय आहे सूचना?"
लांबी विचारली आहे, सर.
"कशाची?"

खिडकीबाहेर बंदरात एक सर्वेक्षण जहाज पाणी भरत होतं.
मी जाळी टेबलावर ठेवली.
ती गाठ मला अजून सोडवता आलेली नाही.