बटण माझ्याकडे नाही

महिन्याच्या पाच तारखेला, माशेलच्या बाजारात,
लोक केबलचे पैसे भरायला येतात
आणि पावतीची घडी घालता घालता विचारतात:
मालिका कुजबुजते, जाहिरात बोंबलते,
मध्ये बटण कोण पिरगाळतो रे शाणू,
तूच ना?

मी त्यांना आत बोलावतो.
ही डबडी, या वायरी,
हा पंखा, तोही डबड्यांसाठी, माझ्यासाठी नव्हे.
शोधा बटण.
सापडलं तर मलाही दाखवा.

एस्कोलास्तिका आंटी शोधत नाही. खुर्चीत बसते.
"तेर्स सोंपता, नातू न्हिदता,
आनी तो साबण बोब मारता."
साबणाला तोंड असल्यासारखी त्याला एक शिवी देते,
मग लगेच कपाळाला क्रूस.

खांडेपारकर मास्तरांनी तर कात्रण आणलं.
नियम होणार: जाहिरात कार्यक्रमाहून मोठ्यानं नको.
स्वतःच्या हातानं काचेवर चिकटवलं,
खाली लाल रेघ,
आणि बातमीतला एक ऱ्हस्व दीर्घ केलेला.

एका रात्री भाच्यानं लॅपटॉपवर
आवाजाचं चित्र काढून दाखवलं.
मालिकेचं: टेकड्या, घळी, मध्येच पाणंद,
सून पातेलं ठेवते, सासू नुसताच श्वास घेते.
जाहिरातीचं: लांबच लांब पठार.
मामा, उंची बघ, म्हणाला, तेवढीच आहे.
फक्त दऱ्या बुजवल्यात.

हे मला कळलं. आम्ही मूळ डिचोलीकडचे.
आमच्या मळ्यात वरून खाणीची माती उतरायची,
बांधापर्यंत सगळं सारखं, लाल,
आणि पंचनाम्याला आलेला माणूस
डोंगराकडे बघून परत जायचा.

लाडू आमोणकर शटर अर्धं खाली आल्यावर येतो.
सत्तावीस वर्षं बार्जच्या इंजिनाशेजारी,
आमोण्याहून मुरगावला खनिज, परत येताना रिकामा.
कान नदीतच राहिले, म्हणतो.
कानातलं यंत्र खिशात असतं. शिट्टी मारतं.
कात्रण त्यानं बोट ठेवून वाचलं
आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा बोलला:
"हें करूं नाका."
मालिका मी ओठांवरून बघतो, शाणू.
साबण तेवढा ऐकू येतो.

आणि काकी?

ती हळूच बोलते. म्हणते, मोठ्यानं बोलले
तर शेजारी म्हणतील, ही नवऱ्याशी भांडते.

गेल्या मंगळवारी त्याचा बॉक्स बदलायला गेलो.
आनंदीकाकी भिंतीला टेकून तांबडी भाजी निवडत होती.
भिंतीपलीकडे कुणीतरी चहा ढवळला,
तोही ऐकू आला.
दोघं गप्प. पडद्यावर कुणाचं तरी लग्न मोडत होतं.
मग धाडकन फरशी चमकवणारं औषध आलं,
आणि काकी उठली,
त्याच्या कानाशी तोंड नेलं
आणि पोटातून आवाज काढून ओरडली:
बुधवारी डॉक्टर!
सुलूचा फोन आला, मुलगी झाली!
हुमण उरलंय, सकाळी खाशील?
मसाला ओरडत होता, गादी ओरडत होती,
पंख्यावरची सूट ओरडत होती,
त्यांच्या आडोशाला ती.
आणि लाडू मान हलवत, हसत,
"चली? चली जाली?"
साडेतीन मिनिटं.

मालिका परतली. काकीनं भाजी पुढ्यात ओढली.
नवरी रडत होती, अगदी हळू.
मी वायर दोनदा आवळली,
एकदा पुरली असती.

काल मास्तर विचारत होते,
काय झालं रे त्या नियमाचं?
व्हायला हवा, मी म्हटलं. आंटीचा नातू आहे.
कात्रणाचा एक कोपरा सुटलाय.
मी तो येता जाता अंगठ्यानं दाबतो,
तो पुन्हा उठतो.