मापारी

बाबा जांभळी नाक्याला धान्य मोजायचे.
पहिलं माप टाकताना 'एक' म्हणत नसत,
म्हणत, 'लाभ'.
मग दोन, मग तीन.
मी वजनमापे खात्यात लागलो तेव्हा म्हणाले,
"म्हणजे तू आता दुसऱ्यांची मापं मोजणार."
त्यात कौतुक किती आणि टोमणा किती
ते मला अजून तोलता आलेलं नाही.

तीस वर्षं शिक्का घेऊन ठाण्यात फिरलो.
पारडं कुठे झुकतं ते बघता बघता
दुकानाच्या मागची भिंत बघायची सवय लागली.
एका किराणा दुकानाच्या पायरीला
कमळाची पाकळी आहे, कुठल्यातरी देवळाची.
मालक रसिकभाई गाला रोज तिच्यावर पाणी मारतात,
"साहेब, गिऱ्हाईक घसरतं. टाइल बसवायचीय."

हे गाव राजधानी होतं म्हटलं
की लोक तळ्यातल्या बोटी दाखवतात,
पॅडलच्या, हंसाच्या तोंडाच्या.
गलबतं कुठे लागायची विचारलं
तर उड्डाणपुलाकडे बोट.
कापूस, कातडी, ऊद,
आणि राजाचा म्हणे दर्यातल्या चोरांशी करार होता:
माल तुमचा, घोडे माझे.
तो करार मी वाचलेला नाही,
पण नाक्यानाक्यावर त्याची नक्कल पाहिली आहे.

मग फिरंगी आले. रेशमाचे माग खडखडले.
दगडांच्या बदल्या झाल्या,
देवळातून चर्चला, चर्चमधून कुणाच्या जोत्याला.
किल्ल्याचा तुरुंग झाला म्हणून तो तरी टिकला;
आत ठेवायला माल कधी कमी पडत नाही.

बाजार कधी मोडला त्याची तारीख नाही.
खाडी रोज मूठभर गाळ आणते,
पलीकडे दुसरं बंदर मोठं होतं,
आणि एका रात्री एक विणकर मुलाला म्हणतो,
दुसरं काहीतरी शीक.
एवढंच.

मार्चमध्ये चेंदणीच्या बंदरावर गेलो.
ओहोटी. चिखलात दोन होड्या कुशीवर झोपलेल्या.
पारूबाई नाखवा एका आडव्या दगडावर
बोयांचे खवले काढत होती.
दगडावर कुणी मोजणीवाला लाल रंगात ४१ लिहून गेलेला.
पाणी ओतलं तेव्हा दिसलं:
वर सूर्य, चंद्र,
मधे घासलेल्या ओळी,
खाली गाढव, आणि गाढवाखाली
सभ्य माणसाने नजर फिरवावी असं चित्र.

खूप वेळ वाकून बसलो. लागलं ते इतकंच:
हाटातलं एक दुकान,
त्याचा कर दिव्याच्या तेलाला.
कुठला हाट, कोणत्या देवाचा दिवा,
नेमका तिथे दगड फुटलेला.
मोडेल त्याच्या आईला जी शिवी आहे
ती मात्र कालच कोरल्यासारखी.

"बाई, ही शिवी आहे. हजारेक वर्षांची असेल."
"मना ठाव हाय," सुरी न थांबवता ती म्हणाली,
"माजी सासू याचेवर म्हावरा कापताना
बिल्डरांची नावा घेवाची."

सवयीने विचारलं, "काटा कुठंय तुमचा?"
"काटा कशाला? वाटा हाय ना."
केळीच्या पानावर पाच-पाच बोय,
डोळ्यांनी मोजलेले.
कुठल्याच नियमात न बसणारे.
शिक्का मारायला त्यात जागाच नव्हती,
आणि माझ्या निवृत्तीला अकरा दिवस होते.

एक वाटा घेतला.
ती पिशवीत टाकू लागली: एक...
"लाभ," माझ्या तोंडून गेलं.
"काय?"
"काही नाही. चालू दे."
दोन, तीन, चार, पाच.
मग माझ्याकडे बघून तिने अजून एक टाकला.
"ह्यो वरचा. बोललास ना कायतरी."

पैसे देताना पाहिलं,
दगडातल्या चंद्राला एक खवला चिकटला होता
आणि चमकत होता.
सूर्य केव्हाच झिजलाय,
तिथे ती सुरी घासते.