शेवटची दोन कलमं

शहराच्या नव्या सनदेचा कागद
आमच्या टायपिंगच्या दुकानात आला
बुधवारी दुपारी, अख्खं सूर शटर ओढून झोपलेलं असताना.
चौसष्ट कलमं. कडेला चहाच्या पेल्याचा गोल डाग.
सोबत निरोप: कामगारांसाठी सोपं करून द्या,
दोन पानांत. हिंदी, बंगाली, मल्याळम.
मराठी कोणी मागितली नव्हती.
मराठीत मी फक्त डोकं खाजवते.

लोकांना वाटतं कायदा पहिल्या पानावर असतो.
तिथे असतो उद्देश,
लग्नपत्रिकेवर गणपती असतो तसा.
मी शेवटाकडून वाचते.
बारा वर्षं या फिरत्या खुर्चीत, जी आता फिरत नाही,
दोनच प्रश्न विचारायला शिकले:
केव्हापासून? आणि आधीच्याचं काय?

त्रेसष्टावं म्हणतं, याच्याशी जे विसंगत ते रद्द.
जे विसंगत नाही ते आहे तसं,
दुसरी व्यवस्था होईपर्यंत.
चौसष्टावं म्हणतं, राजपत्रात छापल्यापासून
नव्वद दिवसांनी अंमल.
तोवर बाकीची बासष्ट
दाराबाहेर चपला काढून उभी.

याकूब फणसोपकर मासळीबाजारात सुरमई कापून देतो.
त्याच्यापाशी एक कागद आहे, जुन्या बंदर-कचेरीचा,
लॅमिनेट केलेला, कोपऱ्यात एक खवला कायमचा अडकलेला:
उत्तरेच्या भिंतीलगत चार हात जागा
धारकाने वापरावी.
ती कचेरी आता नाही.
भिंत एकदा पाडून पुन्हा बांधली.
सही करणारा गेल्या रमजानात वारला.

"बाई, नव्यात माझी भिंत आहे काय?"
मी शोधली. बाजारावर सात कलमं:
बर्फ, निचरा, वजनकाटे, मांजरंसुद्धा.
भिंत नाही.
"म्हणजे गेली."
गेली नाही, म्हटलं. नवं जिथे तोंड उघडत नाही
तिथे जुनंच बोलत राहतं.
"मग राहिली म्हणा की!"
तेवढं मात्र माझ्याच्याने म्हणवेना.

आमच्या दुकानाचा पत्ता सगळे सांगतात
'पेट्रोल पंपाच्या पुढे'.
पंप उखडून सहा वर्षं झाली.
टॅक्सीवाले अजून बरोबर येतात.
हे त्याला सांगणार होते. सांगितलं नाही,
त्याला घाई होती, बर्फ वितळत होता.

'विसंगत'ला हिंदीत काय लिहू?
'ख़िलाफ़' लिहिलं, खोडलं.
याकूब कोणाच्या खिलाफ आहे?
'टकराता हो' लिहिलं. ते ठेवलं.
त्यापुढे कंसात 'भिंत सोडून' लिहायला
बोट किती वेळ थांबलं होतं
ते कीबोर्डला ठाऊक.
भाषांतर करणाऱ्याला कलम घालता येत नाही.
झेरॉक्स काढता येते.
त्याच्या कागदाची काढली, खवल्यासकट,
मागे तारीख टाकली, छापण्याच्या आदल्या दिवसाची,
आणि नगरपालिकेच्या खिडकीतून पोच घेतली.

नव्वद दिवस मोजताना
पालिकेतच दोन तट पडले:
छापल्याचा दिवस धरायचा की नाही?
हमूद अल-अरैमी, बाजाराचे निरीक्षक, म्हणाले,
"मी नाही धरत. आईने पण नाही धरला,
मला एक दिवसाने लहान सांगते."

शनिवारी सनद लागू झाली.
रद्द होणाऱ्या गोष्टींचा आवाज झाला नाही,
राहणाऱ्यांचाही.
हमूद आले. बर्फ पाहिला, निचऱ्यात पाणी ओतून पाहिलं,
काट्यावर स्वतःचा मोबाईल तोलला.
एक मांजर हाकललं, ते दुसरीकडून आलं.
मग उत्तरेच्या भिंतीपाशी
तो कागद उन्हात धरून वाचला.
फार वेळ. चार ओळी वाचायला लागतो त्याहून जास्त.

याकूबने सुरी खाली ठेवली नव्हती.

"अर्धा किलो," हमूद म्हणाले,
"आणि तुकडे पातळ कर,
मागच्या वेळी जाड झाले होते."