टाळी

खोलीत शिरल्यावर मी आधी बोलत नाही.
मधोमध उभा राहून एकच टाळी वाजवतो.
लोकांना वाटतं, डास मारतोय.
मी मोजत असतो
टाळी विझायला किती वेळ घेते ते.

पणजीत, आल्तिनोच्या उतारावर
सावियो रिबेलोचं नवं रेस्टॉरंट.
काचेची भिंत, आरशासारखी फरशी, लोखंडी खुर्च्या,
पडेल तो आवाज उलटा फेकणारं सगळं.
शनिवारी रात्री साठ माणसं
एकमेकांच्या तोंडाशी कान नेऊन मासे खातात.
एक टेबल ओरडतं म्हणून दुसरं ओरडतं,
दुसरं ओरडतं म्हणून पहिलं.
"भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवू?" सावियो विचारतो.
मी म्हणतो, अंड्यांचे ट्रे अंड्यांसाठी असतात.
छताला काथ्याचे जाड तक्ते टांग,
वर वीतभर पोकळी सोड,
खुर्च्यांच्या पायांत रबर घाल.
आणि त्या कोपऱ्यातला गिलावा खरवड.
आत चिरा आहे, लाल, भोकाभोकांचा,
तोही थोडंफार पिईल.
"आणि वरच्या मजल्यावरची म्हातारी? ती रोज पोलिसांना फोन करते."
तिच्यासाठी वेगळा खर्च, पात्राव.
मऊ वस्तू आवाज पिते,
अडवायला वजन लागतं.

म्हापशाच्या पतसंस्थेत दुखणं उलटं.
तिथे इतकी शांतता की
कॉन्सेसांवबाईंच्या खात्यात सहा हजार दोनशे उरलेत
हे दारातल्या रखवालदारालाही कळतं.
मॅनेजरला गालिचा हवा होता.
जूनपासून चार महिने ओल्या चपला, म्हटलं,
गालिच्यावर भात उगवेल.
खिडक्यांच्या मध्ये लोकरीच्या आडभिंती घातल्या,
आणि तो जुना पंखा,
जो ते काढायला निघाले होते,
तो मी काढू दिला नाही.
त्याच्या घरघरीखाली
गरिबाची शिल्लक झाकून राहते.

मग फोंड्याचं वाचनालय.
लांब व्हरांडा, संगमरवर, उंच छत.
टाळीला अडीच सेकंद लागले.
कुणी शिंकलं तर वाचणारे दोनदा दचकतात.
माझा आराखडा तयार होता:
या टोकापासून त्या टोकापर्यंत
भिंतीला खांद्याएवढी गादी, राखाडी कापडाची.
ग्रंथपाल खूश.
खात्रीसाठी मी पुन्हा टाळी वाजवली.

"खांबाजवळ उभे आहात," जिन्याकडून आवाज आला,
"जरा बाजूला व्हाल?"

सुलक्षा खांडेपारकर. ब्रेलच्या कपाटाची
एकुलती एक रोजची वाचक.
काठी टेकवत, जिभेने टक् टक् करत
ती सरळ रेषेत माझ्यापर्यंत आली.
"ही भिंत माझ्याशी बोलत येते," म्हणाली,
"जिना आला की गप्प होते.
मग मी पाऊल जपून टाकते.
तुम्ही तिला कायमची गप्प करणार
असं ऐकलं."

बावीस वर्षं मी प्रतिध्वनीला
ओल समजत आलो,
दिसला की पुसायचा.

त्या रात्री आराखडा पुन्हा काढला.
गाद्या वाचनकक्षाच्या छताला,
कपाटं थोडी तिरकी,
पुस्तकांच्या पाठी कमीजास्त पुढे-मागे,
म्हणजे आवाज विखरून जाईल.
आणि व्हरांड्यावर लिहिलं:
इथे काहीही करू नये.

निविदा विभागातले तळावलीकर म्हणाले,
"काहीही न करण्याचा दर काय लावू?
चौरस मीटरमध्ये सांगा."
अजून ते पत्र त्यांच्या टेबलावर आहे.

परवा पुन्हा गेलो होतो.
व्हरांड्यात कुणी नाही असं बघून
डोळे मिटले, जीभ टाळूला लावली,
टक्.
भिंत आली. खरंच आली, डावीकडून,
थंड, जवळ, शहाण्यासारखी.
टक्. टक्. मी चालू लागलो,
आणि सातव्या पावलाला
आग विझवण्याच्या नळकांड्यावर गुडघा आपटला.

"लाल असतं म्हणे ते,"
जिन्यावरून सुलक्षा म्हणाली.