यंत्र क्रमांक सात

नारिनच्या वरच्या अंगाला, जिथे डांबर संपतं
आणि घोड्यांच्या खुरांची वाट सुरू होते,
तिथल्या वाचनालयाची तार मी सांभाळतो.
तार एकच. तीही दवाखान्याशी, शाळेशी, टपालाशी वाटून घेतलेली.
दिवसभर तिच्यातून माणसं जातात, बारीक चिरून :
एका सेकंदात पन्नास तुकडे आवाजाचे.

मी रांगा लावतो. एवढंच माझं काम.
आवाजाच्या प्रत्येक तुकड्याच्या कपाळावर सेहेचाळीस लिहितो,
म्हणजे वाटेतली प्रत्येक पेटी त्याला म्हणते, हो पुढे.
सिनेमे मागे. हिशेबाच्या फायली मागे.
कुबात हिशेबनीस चिडतो; चिडू दे.
पगारपत्रक उद्या पोचलं तरी पगारपत्रकच असतं.
"ऐकतेस ना?" दोन सेकंद उशिरा पोचलं
तर ते कुणाचंच नसतं, फेकून द्यावं लागतं.

पण पहिल्या रांगेलाही कुंपण हवं.
मोकळी सोडली तर ती सगळी तार पिऊन टाकते.
तिसरा हिस्सा, त्यापुढे नाही. हे मी चुका करून शिकलो :
एका नूरुझला अख्ख्या गावाने एकदम फोन केले
आणि दवाखान्याचे एक्स-रे रात्रभर दाराशी उभे राहिले.

मग एका गुरुवारी आयचुरोक आली.
दूध संकलनातली. जन्मापासून ऐकू येत नाही.
सात नंबरच्या यंत्रापुढे बसली, डोक्याचा रुमाल सारखा केला.
पलीकडे मुलगा, मेदेर, येकातेरिनबुर्गात फरशा बसवणारा,
कोपरापर्यंत सिमेंट वाळलेलं.
दोघं हातांनी बोलतात; त्यांच्या घरातल्याच खुणा,
बाकी कुणाला त्या अर्ध्यामुर्ध्याच कळतात.

माझ्या नियमाने पाहिलं : इथे आवाज नाही.
चित्र आहे फक्त. चित्र थांबू शकतं.
थांबलं.
मेदेरचा हात कपाळाशी पोचला आणि तिथेच राहिला.
ताप? टोपी? की "आठवतं का" मधला पहिला अर्धा?
ती अकरा मिनिटं त्या हाताकडे बघत बसली.
मधेच तिने पडद्याला बोट लावून पाहिलं,
वाळत घातलेल्या कपड्याला लावतात तसं.

मी तिथेच होतो, मागच्या खोलीत,
आलेख बघत. आलेख हिरवा होता.

पुस्तिकेत छापलंय : चित्राला आवाजाच्या रांगेत बसवू नये.
पुस्तिका लिहिणाऱ्याची आई बोलत असावी.
त्या रात्री मी कुंपण थोडं सरकवलं,
नोंदवहीत तारीख घातली, कारणाच्या रकान्यात लिहिलं :
यंत्र क्रमांक सात. आवाज.

पुढचा गुरुवार. दोघांचे हात भरभर.
कपाळावरचा हात टोपीचाच निघाला, कामावर कुणीतरी लांबवली होती.
ती हसली, मग बोट नाचवून त्याला रागे भरली,
एकही तुकडा सांडला नाही.
खोलीत हिटरची घरघर तेवढी.
कुबात दारात येऊन ओरडायला लागला, माझी फाईल कुठे अडकलीय?
मी ओठांवर बोट ठेवलं.
कशासाठी कोण जाणे; तिला थोडंच ऐकू जाणार होतं.